बारक्याचा आलेख

तुमडीपारच्या हत्ती-केंद्रात सकाळ एका ठरावीक क्रमाने होत असे. आधी बांबूच्या बेटातून रानकोंबडा ओरडे. मग वासुदेवराव लांजेवारांच्या खोलीतला दिवा लागे. ते कानटोपी घालून शेगडीवर चहा ठेवत, एक कप स्वतः पीत आणि दुसरा बशीने झाकून मुलीच्या टेबलावर ठेवत. मग खुंटीवरचा जुना पाना खांद्यावर टाकून ते कुंपणाकडे निघत. एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारायची सवय गेली नव्हती. आता फेरी गाडीभोवती नव्हे, तर बारक्याभोवती असे. पूर्वी ते लोखंडी दांड्याने टायर वाजवून हवा अजमावत. आता चारही पायांवर तळहाताने थापा मारून पाहत. नंतर कुंपणाच्या पाइपावर पान्याचा एक टोला. सिंगल बेल. ती ऐकताच बारक्या वजनाच्या फलाटावर चढून स्तब्ध उभा राही. आकडा नोंदला गेला की दोन टोले. डबल बेल. मग तो खाली उतरून चाऱ्याकडे जाई.

"कंडक्टरपेक्षा शिस्तीचा हाय," वासुदेवराव येईल-जाईल त्याला सांगत.

बारक्या हे नाव त्यांनीच ठेवलेले. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या जंगलातून आलेला रानहत्तींचा कळप आता दर हिवाळ्यात तुमडीपारच्या बांबूवनात मुक्कामाला येतो. अशाच एका हिवाळ्यात कळपातली एक मादी आजाराने मेली आणि तिचे दूध तुटलेले पिल्लू मागे राहिले. केंद्राचे पशुवैद्य डॉ. रोशन कुमरे यांनी ते उचलून आणले तेव्हा त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. त्याच सुमारास डॉ. केतकी लांजेवार आपल्या संशोधनासाठी केंद्रावर राहायला आली होती. आई गेल्यानंतर वडील उमरेडच्या घरात एकटे बसून राहत आणि जेवायचे विसरत, म्हणून तिने त्यांनाही बरोबर आणले होते. पहिल्याच आठवड्यात कुमऱ्यांनी त्यांच्या हातात दुधाची बाटली दिली. पिल्लू पिऊ लागले, आणि वासुदेवराव जेवू लागले.

आता बारक्याला चौथे वर्ष लागले होते आणि नाव त्याला शोभेनासे झाले होते.

केतकीचा विषय वाढीचे गणित हा होता. सुरुवात तिने मेलेल्यांपासून केली होती. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याच्या मातीत महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची हाडे सापडतात. अशा हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडातल्यासारख्या रेघा दिसतात. टंचाईच्या ऋतूत वाढ मंदावते आणि हाडात एक रेघ उमटते. सुकाळात दोन रेघांमधले अंतर रुंदावते. रेघा मोजल्या की वय कळते आणि अंतरे मोजली की वेग.

या वेगामागचे सूत्र ती विद्यार्थ्यांना संसाराच्या भाषेत समजावून सांगे. प्राण्याची कमाई त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढते, कारण अन्न शोषले जाते ते आतड्याच्या अस्तरातून. खर्च मात्र वाढतो तो शरीराच्या घनफळाच्या प्रमाणात. लहानपणी कमाई जास्त आणि खर्च कमी, म्हणून शिल्लक पडते. ती शिल्लक म्हणजेच वाढ. शरीर मोठे होत जाते तसा खर्च कमाईला गाठत येतो, आणि ज्या दिवशी दोन्ही जुळतात त्या दिवशी वाढ थांबते. आलेखावर हे सारे तिरप्या, लांबट वळणाच्या रेषेसारखे दिसते: आधी संथ, मग वेगवान, मग पुन्हा संथ. कोंबडी, मगर, हत्ती आणि डायनोसॉर, सगळ्यांची रेषा एकाच घराण्यातली. फरक असतो तो चढाचा.

नवे होते ते यंत्र. हाड न कापता, जिवंत प्राण्याच्या पायाला पट्टा गुंडाळून त्यातून ध्वनिलहरी सोडायच्या आणि आतल्या रेघा वाचायच्या, असे ते अस्थिदर्शक यंत्र होते. पंधरवड्यागणिक झालेली वाढही त्यात दिसे. केतकीच्या समीकरणाला अशी थोडी वाचने मिळाली, की ते पुढची सारी रेषा काढून दाखवी: हा प्राणी किती उंच होईल, वयात केव्हा येईल. अंदाज इतके बरोबर येऊ लागले, की अनाथ पिल्लांबाबत निर्णय घेणारी समिती आता त्या आलेखाशिवाय फाइलच उघडत नसे. पूर्वी जे जाणत्या माणसांनी पाहून, हात लावून, आपसांत भांडून ठरे, ते आता एका रेषेवर ठरू लागले होते.

बारक्याचाही निर्णय त्या रेषेवर अडला होता. कळप परके पिल्लू स्वीकारतो, पण ते पिल्लू दिसले पाहिजे. ज्याचा खांदा मोठ्या मादीच्या छातीच्या रेषेखाली राहतो, त्याला माद्या सोंडेने ओढून पायांत घेतात. त्याहून उंच नर आला, तर त्याला हुसकावून लावतात. प्रश्न एवढाच होता, की येत्या हिवाळ्यात कळप येईल तेव्हा बारक्या त्या रेषेच्या खाली असेल की वर. खाली असेल, तर जंगल. वर असेल, तर जन्मभर केंद्र आणि पायात साखळी.

आणि नेमका बारक्याचा आलेख समीकरणाचे ऐकत नव्हता. केंद्रातला चारा मोजून दिला जाई. त्या हिशेबाने जेवढी वाढ व्हायला हवी त्याहून त्याची रेषा वर सरकत होती. केतकीने यंत्र तपासले, पट्टा बदलला, चारा पुन्हा तोलून घेतला. चूक सापडेना. तेव्हा तिने समीकरणात एक नवे पद घातले आणि त्याला नावही दिले: 'दुसरी उसळी'. बालपणी उपासमार झालेला जीव नंतर नियमाबाहेर उसळी घेतो आणि ती उसळी पुढे आपोआप चालू राहते, असा त्याचा अर्थ होता. पिसदुऱ्याच्या एका हाडातही तिला तसाच रुंद पट्टा दिसला होता. कोट्यवधी वर्षांच्या अंतरावरचे दोन जीव एकच गोष्ट सांगत आहेत, या कल्पनेने ती हरखून गेली. बंगळुरूच्या परिषदेने तिचा निबंध स्वीकारला.

नव्या पदाप्रमाणे बारक्या हिवाळ्यापूर्वीच रेषा ओलांडणार होता. समितीसाठी तिने तसा मसुदा केला: केंद्रातच ठेवावे.

"म्हणजे राहते तं इथंच?" वासुदेवरावांनी विचारले.

"गणित तरी तसंच म्हणतंय, बाबा."

त्या दिवशी त्यांनी चहात साखर जरा जास्तच टाकली.

दिवाळी आटोपल्यावर मसुदा पाठवण्यापूर्वी केतकीने एक शेवटचे वाचन घेतले. रेषा वर जात होती, मात्र भाद्रपदातल्या एका पंधरवड्यात तिच्यात लहानसा खळगा पडला होता. तेवढ्या काळात बारक्या अगदी जुन्या, नेमस्त समीकरणाप्रमाणे वाढला होता. उसळी आपोआप चालणारी असेल, तर ती मध्येच सुटीवर कशी जाईल?

कुमरे दारातून डोकावले तेव्हा ती पडद्याकडे टक लावून बसली होती.

"मॅडम, भूत दिसलं काय?"

"डॉक्टर, भाद्रपदात बारक्या आजारी होता का हो?"

"बारक्या? छे. आजारी तर काका होते, तुमचे बाबा. मलेरिया. गडचिरोलीला दाखल नव्हतं का केलं?"

पिल्लाने माणसाच्या विरहात खाणे सोडले असेल, अशीही एक शक्यता होती. पण चारा तर रोज पूर्ण संपत होता. ती उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली.

वासुदेवराव पाटावर बसून परातीत काहीतरी वळत होते. तिला पाहताच त्यांनी परातीवर पंचा टाकला. पंचा लहान होता.

"बाबा, त्याला काय खायला घालता तुम्ही?"

"कोणाले?"

"माझ्या आजेसासऱ्याला! बारक्याला हो!"

"तुले सासराच नाही, तं आजेसासरा कोठून आणू?" ते म्हणाले, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून पंचा त्यांनी स्वतःच बाजूला केला. परातीत मोहफुलांचे लाडू होते: वाळलेली फुले कुटून, ज्वारीचे पीठ, गूळ आणि तीळ घालून वळलेले. त्यांचा आकार माणसांसाठी नव्हता.

"थोडेसेच देतो. पाना वाजवायच्या आधी. हुशार हाय तो, तोंड पुसून मंग वजनावर चढते."

केतकी चुलीपाशी भिंतीला टेकली. तिला हसू आले आणि ते आवरेना. "बाबा, मी दोन महिने समीकरण दुरुस्त करत बसले होते. नवं पद घातलं. त्याला नाव दिलं. बंगळुरूला भाषण करणार आहे त्याच्यावर. आणि ते पद म्हणजे तुम्ही!"

"मी?" त्यांना ते आवडल्यासारखे दिसले. "पेपरात नाव येईन काय मंग?"

"चारा मोजून देतो आम्ही, ते ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"मोजून देलेलं पोटाले लागत नाही," वासुदेवराव म्हणाले. "तू सातवीत होती तवा कशी होती? काडी. तुही आई हेच लाडू घालत होती तुले. तवा कोणतं समीकरण लावलं होतं तिनं?"

केतकीचे हसू ओसरले. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"ऐका बाबा. लाडू आज बंद केले, तर त्याची वाढ जुन्या रेषेवर येईल. मी वाटेत मनातल्या मनात हिशेब केला. कळप येईल तेव्हा तो थोडक्यात खाली असेल. माद्या घेतील त्याला."

"अन् नाही केले बंद?"

"तर इथेच राहील. तुमच्याजवळ."

परातीतल्या पिठावर त्यांची बोटे थांबली. बाहेर बारक्याने पाइपाला सोंड घासल्याचा आवाज आला.

"तुह्या निबंधाचं काय?"

"लाडवांचं मी कोणाला सांगितलं नाही, तर निबंधही राहतो आणि बारक्याही राहतो. सगळं जुळतं. फक्त ते खरं नसतं."

हे तिने मोठ्याने म्हटले तेव्हा ते प्रथमच तिच्या स्वतःच्याही कानावर पडले.

"मले एक सांग," वासुदेवराव म्हणाले. "लवकर मोठं होणं वाईट काहून? तुहे ते डायनोसॉर तं भराभर वाढत."

"त्यांना वाढावंच लागे. अंड्यातून बाहेर आलं, की आईबाप कुठले अन् शिकवणं कुठलं! मोठं व्हायचं, नाहीतर कोणाच्या तरी पोटात जायचं. हत्ती सावकाश वाढतो, कारण त्याला शिकायचं असतं. पाणी कुठे, वाट कुठली, कोणाला भ्यायचं, हे त्याला आज्या-मावश्या शिकवतात. अंगानं मोठा झाला, की त्याला शिकवायला कोणी जवळ घेत नाही. बाबा, तुमचा लाडू त्याचं बालपण खातोय."

शेवटचे वाक्य कठोर झाले, हे तिला बोलल्यावर जाणवले. वासुदेवरावांनी हातातला लाडू पूर्ण वळला, परातीत ठेवला आणि हात धुतले.

"तू नागपूरच्या होस्टेलले निघाली तवाची गोष्ट," ते हात पुसत म्हणाले. "मी म्हटलं, पोरीबरोबर लाडवाचा डबा दे. तर तुह्या आईनं देला नाही. म्हणे, डबा संपेपर्यंत पोरगी खोलीत बसून खाईन, अन् मेसच्या पंगतीत जाणारच नाही. गाडी सुटल्यावर रडली मात्र. मीच ड्रायव्हर होतो त्या गाडीवर, आरशात दिसत होती स्टँडावर उभी."

"मला कधी सांगितलं नाही हे."

"सांगायसारखं काय हाय त्यात?" त्यांनी परात तिच्यापुढे सरकवली. "हे तूच खा आता. कुमऱ्यालेही दे. त्याच्या बायकोचं लक्ष नाही त्याच्याकडं."

केतकीने त्या संध्याकाळी समीकरणातले पद खोडले. परिषदेला निबंध मागे घेत असल्याचे कळवले, आणि कारण लपवले नाही: आहाराची नोंद अपुरी होती, कुटुंबातील सदस्याने दिलेला अन्नपदार्थ हिशेबात आला नव्हता. समितीचा मसुदा तिने नव्याने लिहिला. त्यात बारक्याची माणसाची ओढ सुटावी म्हणून एक अट होती, ती तिने सगळ्यांत शेवटी लिहिली. कळप येईपर्यंत वासुदेवरावांनी बारक्याच्या नजरेस पडायचे नाही.

त्यांनी ती पाळली. रानकोंबडा ओरडला, की त्यांचा दिवा लागे, चहा होई, दुसरा कप बशीखाली ठेवला जाई. मग ते खुर्ची खिडकीपासून दूर ओढून बसत. कुंपणापाशी बारक्या त्यांची वाट पाही. पहिले काही दिवस तो पाइपावर सोंड आपटत राहिला. कुमऱ्यांनी सिंगल बेल दिली तरी फलाटावर चढेना. पाना तोच, पण टोला वेगळा. वासुदेवराव आतून ऐकत. एकदा केतकीने त्यांना टेबलाच्या कडेवर बोटाने एकच टोला मारताना पाहिले, अगदी हलका. ती आल्या पावली मागे फिरली. हळूहळू सोंडेचा आवाज कमी झाला. आलेखाची रेषा जुन्या वळणाला लागली.

मार्गशीर्षात कळप आला. पुढे आजीबाई होती. केंद्रातले लोक कळपातल्या वृद्ध मादीला याच नावाने ओळखत. केंद्रापासून बांबूवनातल्या तळ्यापर्यंत बारक्याला ट्रकने न्यायचे होते. केंद्राचा ट्रक स्वतःच चालणारा होता. डांबरी रस्त्यावर तो बिनचूक जाई. पण सरावासाठी बारक्याला चढवून जंगलाच्या कच्च्या वाटेवर घातला, तेव्हा प्रत्येक बकरीला आणि प्रत्येक पडलेल्या फांदीला पाहून तो जागच्या जागी ब्रेक मारू लागला. मागे बारक्या धडपडला आणि किंचाळला. कुमऱ्यांनी सराव थांबवला.

"असा घाबरून उतरला तर कळप जवळ करणार नाही," ते म्हणाले. "गाडी हातानं चालवता येते, पण या वाटेवर चालवणारा आणायचा कुठून? आता कोण शिकतं?"

मागच्या दाराच्या पायरीवर, बारक्याला दिसणार नाही असे बसलेल्या वासुदेवरावांनी खिशातून पाकीट काढले. "लायसन चालू हाय. दरखेपेस नवं करून आणतो."

"काका, तो तुम्हाला पाहील."

"केबिनमध्ये आधीच बसतो. उतरत नाही." ते केतकीकडे वळले. "मागं उभा प्रवासी घेऊन जन्म गेला माहा. कोणाचा तोल जाऊ देला नाही."

केतकीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी धुके असतानाच ट्रक निघाला. केतकी वडिलांच्या शेजारी बसली होती. कुमरे दुसऱ्या गाडीने पुढे गेले होते. वासुदेवराव खड्डा येण्याआधीच वेग सोडत, चाक अलगद उतरवत, अलगद चढवत. मागून एकदाही धडपडल्याचा आवाज आला नाही. तळे दिसू लागले तेव्हा त्यांनी आडोशाला ट्रक उभा केला. पलीकडच्या काठावर बांबू हलत होते, आणि त्यांच्यामध्ये राखाडी पाठी.

कुमऱ्यांनी मागचे फळकूट उघडले आणि ते लांब जाऊन उभे राहिले. बारक्या उतरला. त्याने सोंड उंच करून कळपाचा वास घेतला, चार पावले टाकली, आणि थांबला. मग वळून तो ट्रकच्या बाजूने पुढे येऊ लागला, थेट केबिनच्या दाराशी. काच वरपर्यंत चढवलेली होती. सोंडेचे टोक काचेवरून फिरले आणि तिथे ओलसर वाफ उमटली.

वासुदेवराव समोर पाहत होते. दोन्ही हात चाकावर होते.

"बाबा," केतकी कुजबुजली.

पलीकडे आजीबाईने मान वर केली होती. ती खोल, घशातल्या घशात गुरगुरली. बारक्याचे कान फडकले, पण तो हलला नाही. फलाटावर उभा राहावा तसा, स्तब्ध, तो दारापाशी उभा होता.

वासुदेवरावांनी निघताना सीटखाली सरकवलेला पाना काढला. दाराच्या आतल्या पत्र्यावर त्यांनी तो टेकवला, क्षणभर तसाच धरला, आणि दोन टोले मारले. सावकाश, स्पष्ट, रोजच्यासारखे.

बारक्याने सोंड काचेवरून खाली घेतली. तो वळला. काठावरच्या चिखलातून तो निघाला तेव्हा त्याच्या चालीत घाई नव्हती. पलीकडून एक मादी पाण्यात उतरली होती. तिच्याजवळ पोचला तेव्हा त्याचा खांदा तिच्या छातीच्या रेषेखाली, जेमतेम खाली, दिसला. तिने सोंड त्याच्या पाठीवर टाकली आणि त्याला पायांत ओढले.

केतकीने बाजूच्या आरशाकडे पाहिले. त्यात मागची रिकामी वाट तेवढी दिसत होती.

वासुदेवरावांनी पाना पुन्हा सीटखाली ठेवला, गाडी सुरू केली आणि आवाज होऊ न देता ती मागे वळवली.